विश्लेषण : मुंबईच्या कापडासाठी मावळचे पाणी का अडवले गेले? जमशेटजी टाटांच्या गिरणी-प्रयोगांची गोष्ट

पुणे-लोणावळा लोकलमधून कान्हे स्थानकावर उतरून टाकव्याच्या रस्त्याने आंदर मावळात गेले की ठोकळवाडीचे धरण लागते. लोणावळ्याकडे वळवण, शिरोता आणि लोणावळा हे तलाव आहेत. पावसाळ्यात फिरायला येणाऱ्यांसाठी ही सहलीची ठिकाणे. पण हे पाणी अडवले गेले ते शेतीसाठी नाही आणि पिण्यासाठीही नाही. त्यावर वीज तयार करून ती मुंबईला न्यायची होती आणि त्या विजेचे सर्वात मोठे गिऱ्हाईक होत्या कापडगिरण्या. ही कल्पना उचलून धरणारे जमशेटजी टाटा आज पोलाद, ताज हॉटेल आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांमुळे आठवले जातात. प्रत्यक्षात त्यांचे बहुतेक आयुष्य कापूस, सूत आणि कापड यांत गेले. चांगले कापड कशामुळे बनते, या प्रश्नाचा पाठलाग करताना ते मावळच्या पावसापर्यंत कसे पोहोचले?

व्यापाऱ्याचा मुलगा गिरणीकडे कसा वळला?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीचा. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी हे मात्र मुंबईत येऊन व्यापारात शिरले होते. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये वडिलांच्या पेढीत दाखल झाले. त्या काळच्या अनेक मुंबईकर पेढ्यांप्रमाणे ही पेढीही चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करी. त्यासाठी ते काही वर्षे हाँगकाँगला राहिले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद झाला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. कापसाच्या तारणावरच्या हुंड्या घेऊन लंडनला गेलेल्या तरुण जमशेटजींच्या हाती रद्दी उरली. त्यांनी सावकारांसमोर सगळा हिशेब उघडा ठेवला. त्याचा परिणाम असा झाला की पेढीचे व्यवहार मिटवण्याचे काम सावकारांनी त्यांच्याकडेच सोपवले.

पडझड झाली, पण या मुक्कामात त्यांना लँकेशायर जवळून पाहता आले. वऱ्हाड-खानदेशातला कापूस गाठी बांधून तिकडे जातो, तिथे त्याचे कापड होते आणि तेच कापड दुप्पट प्रवास करून इथल्या बाजारात विकले जाते, हा व्यवहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तरीही ते कापड इथे हातमागाच्या कापडापेक्षा स्वस्त का पडते, हा खरा प्रश्न होता.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ पासून सुरू झालीच होती. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी भागीदारीत घेऊन तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. मग ते पुन्हा इंग्लंडला गेले. या वेळी हेतू व्यापाराचा नव्हता, गिरणीचे तंत्र शिकण्याचा होता.

मुंबई सोडून नागपूर का?

त्या वेळी गिरणी म्हटले की मुंबई, हे समीकरण होते. बंदर तिथे, भांडवल तिथे, यंत्रे आणि कोळसा जहाजाने येणार तेही तिथेच. जमशेटजींनी उलटा विचार केला. कापूस पिकतो तिथे गिरणी नेली तर कच्चा माल मुंबईपर्यंत नेण्याचा आणि तयार कापड पुन्हा आतल्या बाजारात आणण्याचा, असा दुहेरी खर्च वाचतो. नागपूरच्या आसपास वर्धा-हिंगणघाटचा कापूस होता, वरोड्याला कोळसा सापडला होता, रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती आणि कापड विकत घेणारी मोठी वस्ती भोवताली होती.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. ती भरून काढायला माती ओतावी लागली, तेव्हा एका सावकाराने या खड्ड्यात पैसा घालायला नकार दिला आणि पुढे मान्य केले की या माणसाने मातीचे सोने केले, अशी कथा सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग एवढा तिचा पसारा होता. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी रेल्वेतल्या बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडले. त्यांना गिरणीचा अनुभव नव्हता, माणसे आणि काम हाताळण्याचा होता.

सुरुवात मात्र वाईट झाली. खर्च वाचवण्यासाठी घेतलेली स्वस्त यंत्रे सूत धड काढीनात. धागा तुटे, उत्पादन कमी पडे, माल निकृष्ट निघे. जमशेटजींनी ही यंत्रे फार काळ रेटली नाहीत. ती काढून चांगली यंत्रे आणली. कापडात काटकसर करण्याची जागा यंत्राच्या किमतीत नसते, वाया जाणाऱ्या धाग्यात असते, हा इथला पहिला धडा.

रिंग चातीने काय बदलले?

कापसाचा पेळू ओढून बारीक करायचा, त्याला पीळ द्यायचा आणि तयार सूत गुंडाळायचे, ही सूतकताईची तीन कामे. चरख्यावर ती आळीपाळीने होतात. लँकेशायरच्या म्यूल यंत्रातही तसेच होते. चात्यांचा गाडा मागे सरकताना धागा ओढला आणि पिळला जाई, गाडा पुढे येताना सूत गुंडाळले जाई. धागा मऊ आणि एकसारखा निघे. पण अर्धा वेळ गाड्याच्या येण्या-जाण्यात जाई आणि तो चालवायला वर्षानुवर्षे तयार झालेला कारागीर लागे.

रिंग यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८२८ मध्ये घेतले गेले. त्यात चातीभोवती एक गोल कडी असते आणि त्या कडीवर तारेचा एक छोटा आकडा फिरतो. या आकड्यातून जाणाऱ्या धाग्याला पीळ पडणे आणि तो बॉबिनवर गुंडाळला जाणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, न थांबता होतात. उत्पादन वाढते, जागा कमी लागते आणि नवख्या कामगारालाही यंत्र सांभाळता येते. धाग्याला पीळही घट्ट बसतो, त्यामुळे मागावर ताण सोसणाऱ्या ताण्यासाठी तो उत्तम ठरतो.

मग लँकेशायरने ते का घेतले नाही? तिथे म्यूल चालवणारे कसबी कारागीर मुबलक होते आणि जुन्या यंत्रांत मोठे भांडवल अडकले होते. शिवाय अतिशय बारीक सुतासाठी म्यूलच सरस होता. नागपूरची स्थिती नेमकी उलटी होती. शेतावरून आलेला कामगार, मध्यम व जाड सूत आणि धोतर-लुगड्यांची मागणी. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एम्प्रेस मिलमध्ये रिंग यंत्राचे प्रयोग झाले. इंग्लंडमधल्या यंत्र-कारखानदारांना त्यात फारसा उत्साह नव्हता. तरी जमशेटजींनी प्रयोग थांबवला नाही आणि निकाल दिसताच गिरणीत रिंग यंत्रे वाढवत नेली. लँकेशायर जे बनवते ते आणायचे, या वाटेने न जाता आपला कापूस, आपला कामगार आणि आपले गिऱ्हाईक यांना काय जुळते ते त्यांनी शोधले. पुढे जगभरच्या सूतगिरण्यांत रिंगच रूढ झाली आणि आजही बहुतांश सुती धागा तिच्यावर निघतो.

हवेतल्या ओलाव्याचा धाग्याशी काय संबंध?

कापसाचा तंतू म्हणजे वाळून चपटी झालेली, पीळ पडलेली एक सूक्ष्म नळी. ती हवेतले पाणी शोषते. सर्वसाधारण हवामानात कापसाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के इतका ओलावा त्यात असतो. विशेष म्हणजे कापूस ओलसर झाला की त्याची ताकद वाढते. म्हणूनच सुती कपडा धोपटून, पिळून धुतला तरी टिकतो. हवा कोरडी झाली की तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्यात स्थिर वीज साचते, तंतू एकमेकांपासून फाकतात, धागा तुटतो आणि पिंजर हवेत उडते.

मँचेस्टर आणि मुंबई या दोन्ही गिरणीनगरींची हवा दमट होती, हा त्यांचा न दिसणारा फायदा होता. नागपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी. एप्रिल-मे महिन्यांत तिथे सूत तुटणारच. म्हणून जमशेटजींनी एम्प्रेस मिलमध्ये हवा ओलसर ठेवणारी यंत्रणा बसवली. कापसाच्या उडत्या पिंजरीमुळे गिरणीत आग भडकायला ठिणगी पुरते, त्यासाठी छतातून आपोआप पाणी फवारणारी व्यवस्थाही केली. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत या दोन्ही गोष्टी तेव्हा नव्याच होत्या.

कामगार हा यंत्रणेचाच भाग कसा ठरला?

नागपुरात आणखी एक अडचण होती. कामगार रोज येत नसत. पेरणी, काढणी, लग्नसराई, सण अशा प्रत्येक वेळी माणसे गावी जात आणि चात्या थांबत. दंड करण्यापेक्षा कामगाराला टिकून राहण्यात लाभ वाटला पाहिजे, असे धोरण जमशेटजी आणि बेझनजींनी स्वीकारले. नियमित हजेरीला बक्षिसे सुरू झाली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. कामगार भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे हे पाऊल किती आधीचे होते ते कळते.

याचा अर्थ गिरणीतले आयुष्य सोपे होते असा नाही. दिवस लांब, हवा पिंजरीने भरलेली, आवाज अखंड. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुष कामगारांचा दिवस १२ तासांपुरता मर्यादित करणारा कायदा १९११ मध्ये आला, जमशेटजींच्या मृत्यूनंतर.

'स्वदेशी' गिरणीने घाम का काढला?

एम्प्रेस मिल नफ्यात आल्यावर जमशेटजींनी अवघड वाट धरली. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना घेतली आणि तिचे नाव ठेवले स्वदेशी मिल. वंगभंगानंतरची स्वदेशी चळवळ तेव्हा जवळपास दोन दशके दूर होती. उद्देश स्पष्ट होता. जाड्याभरड्या कापडात देशी गिरण्या तग धरत होत्या, पण तलम कापड परदेशीच होते. तिथे शिरायचे होते.

इथे सुताचा 'काउंट' समजून घ्यावा लागतो. ८४० यार्डांची एक लड. अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरते, तो त्या सुताचा काउंट. २० काउंटच्या एका पौंडात १६,८०० यार्ड सूत असते, ४० काउंटच्या पौंडात त्याच्या दुप्पट. आकडा जितका मोठा, तितके सूत बारीक. बारीक सुताच्या कापडाला वजन कमी, स्पर्श मऊ आणि किंमत जास्त.

पण जुनाट यंत्रांनी दगा दिला. पहिला माल इतका कमी प्रतीचा निघाला की चीनच्या बाजारातून सुताबद्दल तक्रारी आल्या आणि टाटांच्या नावाला धक्का बसला. भागधारक घाबरले. जमशेटजींनी नागपूरची अनुभवी माणसे कुर्ल्याला आणली, यंत्रे बदलली आणि स्वतःचा पैसा पणाला लावला. गिरणी रुळावर यायला अनेक वर्षे गेली. पुढे याच गिरणीचे नाव चांगल्या सुतासाठी घेतले जाऊ लागले.

यंत्र चांगले असूनही कापड जाडच का राहिले?

कारण अडचण शेतात होती. धाग्यात तंतू एकमेकांना डिंकाने चिकटलेले नसतात. पिळामुळे होणाऱ्या घर्षणाने ते एकमेकांना धरून राहतात. जाड धाग्याच्या छेदात तंतूंची संख्या जास्त असते, त्यामुळे आखूड तंतूही चालतात. धागा बारीक केला की छेदातले तंतू कमी होतात, मग प्रत्येक तंतूला शेजाऱ्याला लांबवर धरून ठेवावे लागते. तंतू आखूड असेल तर पीळ वाढवावा लागतो आणि कापड खरखरीत होते. वऱ्हाडी कापसाचा तंतू साधारण इंचाच्या आतला, तर इजिप्तचा सव्वा इंच किंवा त्याहूनही लांब.

म्हणून जमशेटजींनी १८९० च्या दशकात इजिप्शियन कापूस हिंदुस्थानात लावून पाहण्याचा ध्यास घेतला. १८९६ मध्ये त्यावर पुस्तिका काढली आणि ठिकठिकाणी पेरणीचे प्रयोग करवले. त्यांना फारसे यश आले नाही. या कापसाला लांब हंगाम आणि हुकमी पाणी लागते, तर इथला कोरडवाहू कापूस पावसाच्या भरवशावरचा. लांब धाग्याचा अमेरिकी कापूस पुढे पंजाबात रुजला तो कालव्यांच्या पाण्यावर. रेशमाचाही प्रयत्न त्यांनी केला. जपानी तज्ज्ञ आणून बंगळूरला रेशीम उद्योगाचे केंद्र उभारले.

दुसरा अडथळा सरकारी होता. १८९४ मध्ये आयात सुती मालावर पाच टक्के जकात बसवली, तेव्हा लँकेशायरच्या दबावामुळे २० काउंटच्या वरच्या देशी सुतावरही तेवढाच कर लावला गेला. म्हणजे तलम मालाकडे वळणाऱ्या गिरणीलाच दंड. १८९६ मध्ये सुतावरचा कर गेला, पण देशी गिरण्यांच्या सर्व कापडावर साडेतीन टक्के कर आला. जमशेटजींनी आकडेवारी मांडून याला विरोध केला. हा कर जायला १९२५-२६ साल उजाडावे लागले.

मग मावळचा पाऊस कुठे आला?

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालहून किंवा थेट परदेशातून येई. तो महाग होता आणि त्याची काजळी शहरावर आणि कापडावर बसे. एका मोठ्या इंजिनावरून दोर, पट्टे आणि लांब दांडे यांच्यामार्फत शेकडो यंत्रांना गती मिळे. या प्रवासात शक्ती वाया जाई आणि वेग कमी-जास्त होई. वेगाचा प्रत्येक झटका म्हणजे चातीवर ताण आणि तुटलेला धागा. एकसारख्या सुताला एकसारखा वेग लागतो आणि तो विजेच्या मोटरने मिळतो.

पश्चिम घाटाच्या माथ्यावर कोसळणारे पाणी साठवून कोकणाच्या बाजूला खाली सोडायचे आणि वीज करायची, ही कल्पना मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजींसमोर मांडली. लोणावळा ते खोपोली हा सुमारे १,७०० फुटांचा उतार निसर्गाने तयारच ठेवला होता. पाऊस चार महिन्यांचा, गिरणी बारा महिन्यांची. म्हणून तलाव हवे होते. जमशेटजींनी शेवटच्या वर्षांत या योजनेचा पाठपुरावा केला, पण ती पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

काम पुढे नेले थोरले चिरंजीव दोराबजींनी. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीची वीज सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईत पोहोचली. त्यासाठी एक लाख व्होल्टची वाहिनी टाकली गेली होती. गिरण्या एकेक करून वाफेवरून विजेवर येऊ लागल्या. मागणी वाढली आणि कान्ह्याच्या वरच्या अंगाला आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले. त्यावरचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले.

किंमत कोणी मोजली?

तलावांखाली खोऱ्यांतली भातखाचरे आणि वस्त्या गेल्या. शेजारच्या मुळशीत याच कंपनीसमूहाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व पुढे सेनापती बापटांकडे आले. तीन वर्षे लढा चालला, पण धरण झाले. जमशेटजींनी हे पाहिले नाही. तलम कापूस, चांगली चाती, ओलसर हवा, टिकून राहणारा कामगार आणि एकसारखी वीज अशी कापडाची साखळी त्यांनी कडी-कडीने जोडली होती. तिची शेवटची कडी मात्र ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली, त्यांच्या वाट्याला ना गिरणी आली, ना कापड.

आज काय उरले?

नागपुरात एम्प्रेस मिलच्या जागी मॉल उभा आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या. मावळातले तलाव मात्र दर पावसाळ्यात भरतात आणि त्यांचे पाणी घाटाखाली उतरून वीज करते. भीमा खोऱ्यातले हे पाणी पश्चिमेला सोडत राहायचे की पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांसाठी राखायचे, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. ज्या गिरण्यांसाठी ते अडवले त्या बंद पडल्या असताना या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.